तणमोराची मादी आणि तिची पिल्ले

आषाढ-श्रावणात गवत गुडघाभर झाले, म्हणजे आपल्या वाशिमकडच्या ई-क्लास जमिनींत आणि माळावर कधी कधी एक काळापांढरा पक्षी गवतातून एकदम पुरुषभर उसळी मारतो. हा तणमोराचा नर. दिवसाकाठी शेकडो उड्या मारतो, त्यामुळे मोजणीदार त्यालाच मोजतात. 2021 साली या पक्ष्याची नोंद जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली.

पण नर नाचला म्हणजे वंश वाढला, असे थोडेच आहे! तीन-चार अंडी उघड्या जमिनीवर घालायची, तीन आठवडे उबवायची, हे सारे मादी एकटी करते. ती मातकट रंगाची, गावठी कोंबडीएवढी. मान आणि पाय लांब. लांडोर हिच्याहून खूप मोठी आणि तिला तुरा असतो. तित्तर आखूड मानेचा, ठेंगणा. एवढे लक्षात ठेवले की पुरे.

मादी दिसली, तर लिहायचे काय? तारीख, वेळ, गाव, गवत होते की सोयाबीन, पिल्ले किती आणि आईच्या मानाने केवढी. पिल्ले नसतील तर ‘पिल्ले नाहीत’ असेही लिहावे. इथेच लोक चुकतात. अमेरिकेत रानटर्की नावाचा मोठा पक्षी आहे. तिथल्या कित्येक राज्यांत जुलै-ऑगस्टमध्ये गावकरी दिसलेल्या माद्या आणि पिल्ले कळवतात, मग दर मादीमागे पिल्ले किती, असा हिशेब निघतो. समजा, दहा माद्या दिसल्या, चौघींबरोबर तीन-तीन पिल्ले. बारा भागिले दहा, म्हणजे एकीमागे जेमतेम सव्वा. पण बाकीच्या सहा ‘रिकाम्या’ म्हणून वगळल्या, की तोच आकडा तीन होतो! वाईट साल कागदावर सुकाळाचे दिसते.

तणमोर इतके थोडे उरले आहेत, की असे गणित त्यांचे मांडता येणार नाही. पिल्लांसह एक मादी दिसली तरी मोठी बातमी. गुरुजींनी हा हिशेब मुलांकडून तित्तर-लांडोरींवर करवून घ्यावा. आणि गावात फासेपारधी मंडळी असतील, तर आधी त्यांना विचारावे. पाखराच्या चालीवरून ते जे ओळखतात, ते आमच्या पुस्तकांत सापडत नाही.

मादी दिसली की जागच्या जागी थांबावे. पाठलाग केला तर पिल्ले पांगतात आणि घारीच्या तावडीत सापडतात. नोंद वनरक्षकाकडे द्यावी. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे सोपे आहे. जागेचा फोटो मोबाइलवर चारचौघांना पाठवू नये, शिकाऱ्यालाही मोबाइल असतो. आणि डवरणी करताना तासात अंडी दिसली, तर हात न लावता तेवढा तुकडा सोडून डवरा पुढे न्यावा. तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि लवकरच आईमागे चालू लागतात. मग तो तुकडा पुन्हा तुमचाच.