ओरखडे कुठल्या अंगाला?

सीज झालेल्या यामाहा आरएक्स १००चा ब्लॉक वर उचलला, की जाणता मिस्त्री लगेच नवा पिस्टन मागवत नाही. जुना पुसून उजेडाकडे धरतो आणि ओरखडे कुठल्या अंगाला आहेत ते पाहतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दर फेऱ्याला मिश्रण पेटतं. ही ९८ सीसीची गाडी पूर्ण ताकद देते ती ७,५०० आरपीएमला, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा आग. सायलेन्सरकडची बाजू जळालेल्या गॅसच्या वाटेवरच असते, म्हणून ती जास्त तापते, फुगते आणि बोअरला घासते. ओरखडे फक्त तिथेच असले तर पहिला संशय पेट्रोल कमी पडल्याचा. पोर्टिंग केलं, एअर फिल्टर काढला, एक्स्पान्शन चेंबर बसवला आणि मेन जेट मात्र कंपनीचाच ठेवला, तर हे होणारच. कधी जेट बरोबर असूनही मॅग्नेटकडचं ऑइल सील कडक झालेलं असतं. तिथून जादा हवा आत ओढली जाते. अशा गाडीत नुसता नवा पिस्टन टाकला तर तोही जातो. ती दुरुस्ती नव्हेच.

चार कोपऱ्यांवर चार ओरखडे दिसले, की थंड इंजिन जोरात ताणलं गेल्याचा अंदाज बांधता येतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या स्लीव्हपेक्षा लवकर फुगतो आणि दोघांतली फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायची असते.

माथ्याच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर दोष बहुधा डेटोनेशनचा. कॉम्प्रेशन वाढवायला हेड घासलेलं असतं किंवा टायमिंग फार पुढे नेलेलं असतं. ज्वाळा पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. ठिणगीआधीच तापलेल्या प्लगने मिश्रण पेटू लागलं, तर माथ्याला मधोमध भोकसुद्धा पडतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पिस्टनची सिलिकॉनमिश्रित धातू त्याहून आधीच.

राजदूत ३५०मध्ये दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. त्यातला एकच पिस्टन भाजला असेल, तर शोध त्याच बाजूपासून सुरू करणं शहाणपणाचं.

शेवटी क्रँककेसची तोंडं बंद करून आत बेताची हवा भरतात आणि सील, गॅस्केटवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले तिथलं सील आधी बदलायचं. ब्लॉक बोअरिंगला पाठवायचा तो त्यानंतर.