जमिनीलगत, पण बेताने

मंडळी, जुनी गाडी बुटकी करून मिरवण्याची हौस तुम्ही ऐकली आहे का? अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ती रुजवली. खिशात पैसे बेताचेच. मग डिकीत वाळूची पोती ठेवायची, की गाडी आपोआप खाली बसे! १९५८ मध्ये तिथल्या कायद्याने, चाकाच्या रिमच्याही खाली गाडी उतरवण्यास बंदी केली. ती उठायला २०२४ साल उजाडले.

आता तिथे कुणी जुना पिकअप ट्रक घेतला, तर स्वस्तात काय करता येईल? बऱ्याच ट्रकांत मागचा ॲक्सल कमानपाट्यांच्या खाली असतो. तो पाट्यांच्या वर बसवला, की मागची बाजू काही इंच उतरते. मात्र ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून चासीला खाच पाडून तिथे मजबुती द्यावी लागते. पुढे आखूड स्प्रिंग बसवतात.

फुकटातला एक उपायही आहे : गॅसने स्प्रिंग तापवायची, की ती दबते. पण तेवढ्याने पोलादाला दिलेले पाणी उतरते. अशी स्प्रिंग पुढे भर रस्त्यात दगा देऊ शकते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी ब्रेक आणि टायर, मग उंची, लगेच चाकांचे अलाइनमेंट आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी. उतरवलेल्या ट्रकात पूर्वीइतका माल भरू नये, हेही ध्यानात असू द्या. काटकसर रंगात चालते, स्प्रिंगमध्ये नाही.