राणीच्या बागेत एक दिवस

आमच्या श्रीपुरात कारखान्याचा पट्टा पडला आणि शाळेच्या परीक्षा संपल्या, की घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, "मुंबई दाखवा!" मग आपण जातो आणि एका दिवसात गेटवे, चौपाटी, राणीची बाग सगळं उरकून येतो. घरी आल्यावर मुलाला विचारावं, "काय पाहिलंस रे?" तर उत्तर येतं, "वाघ!" पहिल्या खेपेला मीही हेच केलं. दुसऱ्या खेपेला वडीलही बरोबर होते, म्हणून ठरवलं, दिवसभर एकच ठिकाण.

कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली, की सकाळी मुंबई. तिथून लोकलने भायखळा, आणि पूर्वेच्या बाजूस उतरलं की बाग जवळच. ही बाग १८६२ साली खुली झाली. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची, म्हणून राणीची बाग. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे; पण पाटी बदलली तरी लोकांच्या तोंडचं नाव बदललं नाही.

मुलं पिंजऱ्यांकडे धाव घेतील. त्यांना आधी दगडी हत्तीपाशी थांबवा. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले! ते तुकडे पुढे इथे आले आणि १९१४ साली जोडले गेले. शिक्षकांनी मुलांना सांधे शोधायला लावावेत. पुस्तकातल्या दोन पानांचा इतिहास त्या सांध्यांत आहे.

हत्तीजवळच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बहुतेक लोक त्याच्यावरून सरळ पुढे जातात, आणि इथेच आपण चुकतो. भाऊ दाजी हे गोव्यात जन्मलेले डॉक्टर, जुने शिलालेख वाचणारे पंडित. जगन्नाथ शंकरशेट यांच्याप्रमाणे त्यांनीही या संग्रहालयासाठी खटपट केली. मध्यंतरी पैशाअभावी बांधकाम रखडलं, ते शेवटी सरकारने पुरं केलं, आणि २ मे १८७२ रोजी दार उघडलं. तेव्हाचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. भाऊ दाजींचं नाव १९७५ साली मिळालं.

आत राजेरजवाड्यांचा थाट शोधू नका. तिथे आहेत मातीच्या बाहुल्या, नाना जमातींची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे, होड्यांचे नमुने, जुन्या मुंबईचे नकाशे. थोडक्यात, आपणच तिथे काचेत बसलो आहोत!

पागोट्यांच्या नमुन्यांपाशी वडील थांबले, ते हलेचनात. मी म्हटलं, "दादा, पुढं बघायचंय." ते म्हणाले, "थांब की जरा. ह्यो पीळ बघ, आमचा आज्जा असाच घालायचा." मग धाकट्या नातवाला जवळ घेऊन, शेव कुठून काढायचा, पीळ कसा द्यायचा, हे खांद्यावरच्या पंचानं करून दाखवलं. मी कॉलेजात शिकवतो, पण हे मला ठाऊक नव्हतं. वडिलांना कधी विचारलंच नव्हतं! आजूबाजूची चार माणसंही बघत उभी राहिली. म्हणून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही कशाला दगदग करता" म्हणून मागे ठेवून जाऊ नका. तिथल्या कितीतरी वस्तूंची माहिती पाटीपेक्षा त्यांच्यापाशी जास्त आहे.

दुपारी झाडाखाली शिदोरी सोडावी. ही बाग मुळात झाडांची आहे, जनावरं नंतरची. गोरखचिंचेचा बुंधा मुलांना हात धरून कवेत घ्यायला सांगा, किती मुलं लागतात ते मोजा. शेवटी पेंग्विन! २०१६ साली सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आणले गेले. पेंग्विन म्हणजे बर्फातलाच पक्षी, असं मुलं समजतात. पण ही जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची. तिथे बर्फ नाही, मात्र समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यावर त्यांचं भागतं. भूगोलाच्या तासाला हा प्रवाह नकाशावर दाखवायला विसरू नका.

एवढं मात्र ध्यानात ठेवा, बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. आमच्याच गल्लीतली एक मंडळी पंधरा माणसं घेऊन नेमकी बुधवारी गेली, आणि फाटकाबाहेर भेळ खाऊन परत आली.