नाशिकची रेड वाइन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारीत दिंडोरीच्या बाजूला शिराझच्या बागेतला एखादा मणी तोंडात टाकून पाहा. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र खायच्या द्राक्षापेक्षा जास्त. दोन बोटांत दाबला, तर निघणारा रस लाल नसतोच. जवळजवळ पाण्यासारखा असतो. नाशिकच्या रेड वाइनबद्दलचे निम्मे गैरसमज या एका मण्यापाशीच मिटतात.

गैरसमज : एक्स्पोर्टमधून उरलेली द्राक्षं वायनरीत जातात.
वस्तुस्थिती : थॉमसन, सोनाका ही खायची, बिनबियांची हिरवी द्राक्षं. त्यांतून लाल रंग येणारच कसा? त्यांचा उरलेला माल स्थानिक बाजारात किंवा बेदाण्याला जातो. रेड वाइनसाठी शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों अशा जातींच्या वेगळ्या बागा असतात. बरेचदा वायनरीशी आधीच करार झालेला असतो.

गैरसमज : लाल रंग रसाचा असतो, नाहीतर वरून घातलेला.
वस्तुस्थिती : रंग सालीत असतो. रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, तेव्हा रंग आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा दोन्ही रसात उतरतात. साली लगेच बाजूला काढल्या, तर काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाइन होते. फ्रान्समध्ये शॅम्पेनसाठी पिनो न्वार हे काळं द्राक्ष असंच वापरतात.

गैरसमज : वाइनचं द्राक्ष थंड देशातलं, नाशिकला नुसती नक्कल चालते.
वस्तुस्थिती : युरोपात वेल हिवाळाभर झोपतो आणि काढणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेल तसा झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. पाऊस ओसरताना गोडी छाटणी, ती घडांसाठी. त्यामुळे मणी पिकतो तो कोरड्या हवेत, थंड रात्रींत. ही कात्री नाशिकच्या हातात वायनरी येण्याआधीपासूनच होती.

गैरसमज : हा धंदा एका रात्रीत फोफावला.
वस्तुस्थिती : नारायणगावला 1980च्या दशकातच फसफसणारी वाइन तयार होत होती. नाशिकला सुला या वायनरीच्या वेली लागल्या 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात. 2001मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि वायनऱ्या वाढल्या. मग 2008-09च्या मंदीत मागणी घटली, माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे, पण ते या पडझडीनंतर सावरलेल्या धंद्याचं आहे.

गैरसमज : रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नाही.
वस्तुस्थिती : 'खोलीचं तापमान' म्हणजे युरोपातल्या खोलीचं, 16 ते 18 अंश. एप्रिलमधल्या नाशिकच्या खोलीचं नव्हे. प्यायच्या आधी अर्धा तास बाटली फ्रिजमध्ये खुशाल ठेवा.

गैरसमज : वाइन म्हणजे दारू नव्हे, उलट हृदयाला चांगली.
वस्तुस्थिती : सुपरमार्केटमधल्या विक्रीवरून 2022मध्ये राज्यात वाद पेटला, तेव्हा हे वाक्य खूप ऐकू आलं. पण रेड वाइनमध्ये मद्यार्क साधारण 12 ते 14 टक्के, म्हणजे बहुतेक बिअरपेक्षा जास्त असतो. हृदयासाठी ज्याचं नाव घेतात ते रेस्व्हेराट्रॉलही सालीतलंच, आणि पेल्यात उतरतं ते अगदी नगण्य. मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023मध्ये स्पष्ट केलं आहे. चवीसाठी प्यायची तर तसं म्हणावं. सालीतलं काही पोटात जावं असं वाटत असेल, तर द्राक्ष सालीसकट खाता येतंच की.