फ्यूजला न दिसणारी आग

डोलकाठीच्या टोकावरचा दिवा मंद जळू लागला, की यॉटवर पहिला संशय बॅटरीवर जातो. पण मल्टिमीटर लावून पाहिलं तर बऱ्याचदा बॅटरी ठणठणीत निघते. तिथे 12.6 व्होल्ट दिसतात आणि वर दिव्यापाशी मात्र जेमतेम अकरा. मधले दीड व्होल्ट वाटेतच कुठेतरी उष्णता होऊन गेलेले असतात. नौकेवरच्या विजेची देखभाल म्हणजे मुख्यतः ही गळती शोधणं.

घरातला 60 वॅटचा दिवा 230 व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह घेतो. तोच दिवा 12 व्होल्टवर लावायचा तर पाच अँपिअर लागतात. प्रवाह साधारण 19 पट वाढला, आणि तारेत वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तीच तार वापरली तर नुकसान साडेतीनशे पटींहून अधिक. घराच्या वायरिंगचा अंदाज नौकेवर चालत नाही, तो याच कारणाने.

गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ घ्या. याच नौकेतून 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी. तिची डोलकाठी सुमारे 25 मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरच्या दिव्याला वीज द्यायची तर तारेची जा-ये धरून 50 मीटर लांबी होते. अशा कोणत्याही नौकेवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली आणि जुन्या पद्धतीचा 25 वॅटचा बल्ब लावला, तर एक व्होल्टाहून जास्त दाब तारेतच खर्च होतो. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल’च्या मानकानुसार दिशादर्शक दिव्यांसाठी ही घट तीन टक्क्यांच्या आत हवी, इथे ती आठ-नऊ टक्क्यांवर जाते. त्याच जागी तीन वॅटचा एलईडी लावला, की तीच तार पुरून उरते. यॉटवर एलईडी आल्याने बॅटरी वाचली हे सगळे सांगतात. तारांवरचा भार उतरला, हा फायदाही तितकाच मोठा.

तार पुरेशी जाड असली, तरी जोड उरतोच.

समुद्रावर दोन-तीन वर्षं काढलेल्या तारेचं टोक सोलून पाहावं. बाहेरचं प्लॅस्टिक लाल, चकचकीत, नवंकोरं. आतलं तांबं मात्र काळं पडलेलं, आणि टर्मिनलच्या तोंडाशी हिरवट पूड. खारी हवा उघड्या टोकातून शिरते आणि बारीक तारांमधल्या फटींतून वातीत तेल चढावं तशी आतवर चढत जाते. म्हणून नौकेसाठी कल्हई केलेली तार वापरतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना जी कल्हई लागते, तीच कथिलाची, इथे प्रत्येक बारीक तारेवर असते. टोकाला डाग देऊन मोकळं होण्याचा मोहही टाळलेला बरा. डाग दिलेला भाग ताठ होतो आणि नौकेच्या सततच्या थरथरीत तार नेमकी त्याच्या कडेला तुटते. टर्मिनल चांगल्या क्रिंपिंगच्या पकडीने दाबून बसवावं आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

एवढी काळजी कशासाठी, ते नांगर ओढणाऱ्या विजेच्या रहाटावरून कळतं. तो 80 अँपिअर सहज खेचतो. त्याच्या वाटेत एका गंजक्या जोडाचा रोध ओहमचा फक्त शंभरावा भाग असला, तरी त्या जागी 64 वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरची डाग देण्याची सळई 25 वॅटची असते. तशा दोन सळयांहून अधिक ताप लाकडाच्या आणि फायबरच्या बंद कप्प्यात, कुणी बघत नसताना. आणि फ्यूज उडत नाही! प्रवाह वाढला तर फ्यूज उडतो. इथे प्रवाह नेहमीइतकाच आहे, फक्त वाट अडलेली आहे. अशा वेळी हातच उपयोगी पडतो. रहाट चालवून थांबवला, वीज बंद केली आणि प्रत्येक जोडाला बोट लावून पाहिलं, तर जो जोड कोमट लागतो तो उघडून साफ करायचा.

तरीही फ्यूज गौण ठरत नाही. बॅटरी स्वतः शॉर्ट झालेल्या तारेत शेकडो अँपिअर ओतू शकते, म्हणून मानक सांगतं की फ्यूज बॅटरीपासून शक्यतो सात इंचांच्या आत असावा. त्याच्या अलीकडच्या तारेला कसलंच संरक्षण नसतं. पान्याने टर्मिनल आवळण्याआधी हातातली अंगठी आणि कडं काढायचं तेही यासाठीच. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण पान्यातून शॉर्ट झालेली अंगठी बोट भाजून काढते.

धोका खुद्द बॅटरीतही असतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. लिथियमची गोष्ट निराळी. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या नौकेला आग लागली आणि खाली झोपलेले 34 जण गेले. नौका जळून बुडाल्याने नेमकं कारण ठरवता आलं नाही. पण वरच्या दालनात रात्रभर चार्जिंगला लावलेले फोन आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या हे चौकशीत पुढे आलेल्या शक्यतांपैकी एक होतं. रात्री गस्त घालायला कुणी जागं नव्हतं, हे मात्र चौकशीने स्पष्टपणे नोंदवलं. चार्जर जागेपणीच लावावा, हा नियम प्रत्येक यॉटवर असायला हवा.

विजेचा आणखी एक खेळ पाण्याखाली चालतो, आणि त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यावरून जातो. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावरचे तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्यात झिजत होते. 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तोडगा सुचवला: तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडा, म्हणजे तांब्याऐवजी ते झिजतील. प्रयोग ज्या जहाजांवर झाला त्यांत कोचीत बांधलेलं ‘समरंग’ होतं. तांबं खरोखर वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषानेच आजवर शेवाळ आणि शिंपले दूर राहत होते. ते विष थांबताच तळ त्यांनी भरून गेला. डेव्हीची योजना मागे पडली, रसायन मात्र टिकलं. आजच्या यॉटच्या पंख्याच्या दांड्यावरचा जस्ताचा गोळा हा त्याच कल्पनेचा वारस.

हा गोळा काही महिन्यांतच संपू लागला, तर शेजाऱ्याकडे पाहावं लागतं. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या सगळ्या नौका अर्थिंगच्या एकाच तारेने जोडल्या जातात आणि एकीचं जस्त दुसरीचं पितळ वाचवत बसतं. यावर काहीजण अर्थिंगची तारच कापतात. हे जिवावरचं काम आहे. बिघाड झाला तर नौकेवरचा 230 व्होल्ट मग पाण्यात उतरतो, आणि गोड्या पाण्यात माणसाचं शरीर पाण्याहून चांगलं वाहक असल्याने प्रवाह पोहणाऱ्यातूनच वाट काढतो. पावसाळ्यात आपल्या खाड्यांचं पाणी गोडं होतं, हे इथे विसरून चालणार नाही. खरा उपाय म्हणजे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. अर्थिंगच्या तारेत बसणारे त्याचे डायोड एक-सव्वा व्होल्टपर्यंतचा गंजवणारा प्रवाह अडवतात आणि बिघाडाचा मोठा प्रवाह जाऊ देतात.

काही उपकरणं मात्र नौकेच्या बॅटरीवर अवलंबून ठेवायचीच नसतात. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरात, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली. पाठीला जबर मार बसल्याने त्यांना उठताही येत नव्हतं. स्विचबोर्डापर्यंत जाणं शक्य नसलेल्या माणसाला अशा वेळी स्वतःची बॅटरी असलेलं उपग्रह-यंत्र आणि आणीबाणीचं बीकन हाताशी लागतं. 24 तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. अशा बीकनची सीलबंद बॅटरी किमान 48 तास चालावी लागते आणि ती बदलण्याची तारीख डब्यावरच छापलेली असते. ऑक्टोबरात यॉट पाण्यात उतरवताना जस्त, जोड आणि फ्यूज तपासून झाले, की ही तारीखही वाचून वहीत लिहून ठेवायची असते.