घरगुती सीएनसी राउटर : सुधारणेचा क्रम

घरच्या पडवींत लांकूड कोरणारें संगणकचालित यंत्र उभारणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें छिद्रांकित फितीवरील अंकांनीं चालणारें मिलिंग यंत्र लोकांस दाखविलें, तेव्हां तें मोठ्या प्रयोगशाळेचें काम होतें. आज २००९ सालीं सुरू झालेली, विनामूल्य मिळणारी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली तळहाताएवढ्या नियंत्रकावर तीच कामगिरी बजावते. फिरतें पातें तीन दिशांनीं नेऊन फळीवर आकृति कोरणारें जें यंत्र, तोच सीएनसी राउटर. परंतु यंत्र चालूं लागलें म्हणजे तें बरोबर चालतें असें नव्हे. मग सुधारणा कोठून आरंभावी?

पुष्कळांचा पहिला खर्च अधिक जोरकस मोटरीवर होतो, आणि तो बहुधा वायां जातो. त्याचें कारण यंत्राच्या स्वभावांत आहे. अशा यंत्राची स्टेपर मोटर सामान्यतः एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. नियंत्रक पावलें मोजून आज्ञा पाठवितो. पातें तेथें पोंचलें कीं नाहीं, हें तो विचारीत नाहीं. चौकट वांकली, पट्टा ताणला गेला किंवा एखादें पाऊल हुकलें, तरी पुढील आज्ञा जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा सुटतात. यंत्र आज्ञाधारक आहे, पण आंधळें आहे. आज्ञा व कृति यांतील अंतर कमी करणें हीच खरी सुधारणा. आणि त्यासाठीं तें अंतर आधीं मोजलें पाहिजे.

मोजणी सोपी आहे. पात्याच्या जागीं पेन्सिल बांधून ३०० बाय ४०० मिलिमीटरचा आयत काढावा. त्याच्या बाजू बरोबर भरून दोन्ही कर्ण ५०० भरले, तर यंत्र गुण्यांत आहे. एक कर्ण मोठा व दुसरा लहान असल्यास आडवी तुळई तिरकी बसली आहे. मग एक वर्तुळ कोरावें. त्याच्या वरच्या, खालच्या, डाव्या वा उजव्या टोंकास चपटेपणा दिसला, तर दिशा उलटतांना कोठें तरी ढिलेपणा आहे. त्यास कारागीर ‘बॅकलॅश’ म्हणतात. शेवटीं डायल गेज लावून, यंत्र बंद-चालू न करितां, पाते धरणारा भाग हातानें हलकेच रेटावा. अर्थात् पातें त्या वेळीं काढून ठेवलेलें असावें. कांटा जितका हलेल तितकी चौकट लेची आहे.

म्हणून पहिला पैसा चौकटीवर खर्चावा. दोन टोंकांस टेकलेल्या तुळईचा वांक तिच्या लांबीच्या घनप्रमाणांत वाढतो. ८०० मिलिमीटरचा गाळा ६०० वर आणला, तर तोच भार असतां वांक पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी होतो. भरीव तुळईची उभी जाडी दुप्पट केली, तर ती आठपट ताठ होते. खोल साचे कोरणाऱ्यास पात्याची चाल उंच हवी असते; पण उंचीबरोबर पात्याची लोंबती लांबीही वाढते, हें त्यानें विसरूं नये.

त्यानंतर ढिलेपणा काढावा : पट्टे ताणावे, किंवा मळसूत्रावर दाब देणारा दुहेरी नट बसवावा. बॉल-स्क्रू अधिक अचूक खरा. पण तो इतका सहज फिरतो कीं, वीज जातांच उभ्या दिशेचा जड भाग आपल्या भारानें खालीं येऊं शकतो. यानंतरच पावलांचा हिशेब जुळवावा. मिलिमीटरला ४० पावलें ठरविलेलें यंत्र ४०० ऐवजीं ३९८ मिलिमीटर सरकत असेल, तर नवा आंकडा सुमारें ४०.२ येतो. ढिलेपणा कायम ठेवून हा आंकडा बदलणें म्हणजे दुखणें झांकणें होय.

मोटरीचा विचार आतां करावा. वेग वाढतो तशी स्टेपर मोटरीची ओढ घटते. योग्य ड्रायव्हर व अधिक व्होल्टेज दिल्यास ती वेगांतही टिकते. पात्याच्या गतीचाही हिशेब आहे. १८,००० फेऱ्यांनीं फिरणाऱ्या दोन धारांच्या पात्यानें दर धारेस ०.०५ मिलिमीटर लांकूड घ्यावयाचें, तर यंत्रानें मिनिटास १,८०० मिलिमीटर सरकलें पाहिजे. फार मंद चालविल्यास धार कापण्याऐवजीं घांसते आणि लांकूड करपतें.

याच ठिकाणीं धोका आहे. संगणकावरून यंत्र थांबविलें, तरी स्वतंत्र कळ असलेलें पातें जागच्या जागीं फिरत राहतें. त्या उष्णतेनें भुसा पेटूं शकतो. म्हणून हाताशीं असलेलें लाल बटण पात्याचीही वीज तोडणारें असावें. लांकडाची धूळ माणसांत कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं प्रसिद्ध केला. यास्तव धूळ ओढणारा नळ ही चैन नव्हे. कानांचें व डोळ्यांचें रक्षणही तितकेंच अगत्याचें.

आधीं मोजणी, मग ताठपणा, मग ढिलेपणाचा निकाल आणि शेवटीं जोर, असा हा क्रम आहे; सुरक्षितता मात्र यंत्र प्रथम चालविण्यापूर्वींच हवी. हा क्रम पाळणाऱ्याचें साधें यंत्रही विश्वासानें काम देतें. तो उलटणाऱ्याच्या हातीं मात्र अधिक वेगानें चुकणारें यंत्र येतें.