शाळेचे बूट आणि गणवेश

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. साहजिकच बूट आणि गणवेशांची खरेदी पावसाच्या तोंडावर होते.

बुटांचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित फुगतात. मुलाला मोजे घालून उभे करावे. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाचे माप धरावे आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी. ‘दोन वर्षे पुरतील’ म्हणून घेतलेले ढगळ बूट टाच घासतात आणि मूल अडखळते. ही काटकसर महागच पडते.

कपड्यांत मात्र वाढीव माप चालते. खाली दुमड ठेवली की उसवून लांबी वाढवता येते. टेरिकॉट पावसाळ्यात सुतीपेक्षा लवकर वाळते.